तीन खाती, एक लोकल: ठाणे-कल्याणमध्ये एचआयव्हीचं औषध सुईपर्यंत उशिरा का पोहोचलं?

संशोधनाची तयारी करणाऱ्या मित्रमैत्रिणींनो, आज एका शब्दापासून सुरुवात करू. ‘गर्दुल्ला’ हा शब्द तुम्ही शेवटचा कुठे वाचलात? बहुधा वर्तमानपत्राच्या ठाणे किंवा कल्याण-डोंबिवलीच्या पानावर. स्कायवॉक, रेल्वे स्थानक, बंद पडलेली इमारत, आणि तिथला ‘गर्दुल्ल्यांचा वावर’. बातमी नेहमी तक्रारीची असते. त्या माणसाला ताप आहे का, हातावर जखम आहे का, त्याची एचआयव्हीची तपासणी झाली आहे का, हे बातमीत नसतं.

‘गर्द’ म्हणजे ब्राउन शुगर, अशुद्ध हेरॉइनची भुकटी. फारसीत गर्द म्हणजे धूळ. त्यावरून मराठीने माणसालाच नाव देऊन टाकलं. क्षयाच्या रुग्णाला आपण रुग्ण म्हणतो, पण या माणसाला त्याच्या पुडीच्या नावाने ओळखतो. शब्दावर इतका वेळ घालवण्याचं कारण असं, की ज्याला रुग्ण म्हणून नावच नाही त्याच्यासाठी केसपेपर काढायला व्यवस्था तयार नसते. पुढचा सगळा इतिहास एका अर्थाने या केसपेपरचा आहे.

आपला प्रश्न साधा आहे. भारतात एचआयव्हीचं औषध 2004 पासून सरकारी केंद्रांत मोफत मिळतं. मग इंजेक्शनने नशा करणाऱ्या माणसापर्यंत ते पोहोचायला इतका त्रास का होतो? ‘लोकांना जाणीव नाही’ हे उत्तर प्रबंधाच्या पहिल्या मसुद्यात सगळेच लिहितात. ते बाजूला ठेवू आणि इतिहासात जाऊ.

1986: एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

1986 साली चेन्नईत डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या मार्गदर्शनाखाली सेल्लप्पन निर्मला या विद्यार्थिनीने लैंगिक व्यवसायातल्या स्त्रियांचे रक्तनमुने गोळा केले. भारतातल्या एचआयव्हीचा पहिला पुरावा त्या नमुन्यांतून मिळाला. लक्षात घ्या, हे पदव्युत्तर प्रबंधाचं काम होतं, म्हणजे तुमच्या-आमच्यासारख्याच एका मुलीचं.

त्याच वर्षी 29 ऑगस्टला पुण्यात येरवड्याच्या मनोरुग्णालयाच्या आवारात ‘मुक्तांगण’ सुरू झालं. अनिल अवचटांनी गर्दच्या विळख्यात सापडलेल्या तरुणांवर लिहिलं, ते वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये देऊ केले आणि डॉ. अनिता अवचटांनी केंद्र उभं केलं. व्यसनी माणूस हा गुन्हेगार नसून आजारी माणूस आहे, हे मराठी मध्यमवर्गाला पहिल्यांदा कुणी पटवून दिलं असेल तर या प्रयत्नाने.

एकाच वर्षात विषाणू सापडला आणि व्यसनमुक्तीची चळवळही उभी राहिली. पण पुढची वीस वर्षं या दोन धारा एकमेकींना फारशा भेटल्या नाहीत. का, ते सरकारी कागदांत दिसतं.

तीन खाती

1985 मध्ये अंमली पदार्थविरोधी कायदा आला. आपण त्याला एनडीपीएस म्हणतो. त्याच्या कलम 27 नुसार नशा ‘करणं’ हाच गुन्हा आहे. हेरॉइनसाठी एक वर्षापर्यंत कैद किंवा 20,000 रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कलम 64-अ नुसार व्यसनी माणूस स्वतःहून मान्यताप्राप्त ठिकाणी उपचार घेत असेल तर त्याला खटल्यातून सूट मिळू शकते. म्हणजे कायद्यात रुग्णासाठी फट आहे, पण ती शोधायला वकील लागतो. पोलीस आणि कोर्ट, हे झालं पहिलं खातं.

दुसरं खातं समाजकल्याणाचं. 1985-86 पासून केंद्राच्या कल्याण खात्याने स्वयंसेवी संस्थांच्या व्यसनमुक्ती केंद्रांना अनुदान द्यायला सुरुवात केली. इथली अट एकच: नशा पूर्ण सोडायची. महिनाभर दाखल व्हायचं, अंगातलं विष उतरवायचं, घरी जायचं.

तिसरं खातं आरोग्याचं. 1992 मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे ‘नॅको’ स्थापन झाली. तिच्या विचाराचा पाया वेगळा आहे. आज नशा सुटत नसेल तर निदान सुई तरी दुसऱ्याची वापरू नका, असं ती सांगते. यालाच ‘हानी कमी करणं’ म्हणतात. ही कल्पना डॉक्टरांच्या बैठकीत जन्मली नव्हती. 1984 साली ॲमस्टरडॅममध्ये नशा करणाऱ्यांच्याच संघटनेने कावीळ-ब रोखण्यासाठी जुन्या सुया घेऊन नव्या द्यायला सुरुवात केली होती.

आता एका माणसाची कल्पना करा. सकाळी पोलीस त्याला आरोपी म्हणतात. दुपारी व्यसनमुक्ती केंद्र म्हणतं, ‘सोडायची तयारी असेल तरच ये.’ संध्याकाळी एड्स प्रकल्पाचा कार्यकर्ता नवी सुई हातात ठेवतो. तिघेही सरकारी धोरणच राबवत असतात! त्या माणसाने यातल्या कुणावर विश्वास ठेवायचा?

फुंकण्याकडून सुईकडे

1980 च्या दशकात गर्द मुख्यतः पन्नीवर गरम करून तिचा धूर ओढला जाई. त्यातून व्यसन लागतं, फुप्फुसं खराब होतात, पण एचआयव्ही पसरत नाही. 1990 च्या दशकात देशातल्या अनेक शहरांत लोक सुईकडे वळले. हेरॉइन महाग झालं किंवा मिळेनासं झालं, की औषधांच्या दुकानातली ब्युप्रेनॉर्फिनसारखी वेदनाशामक इंजेक्शनं स्वस्त पडत. थोड्या पैशांत जास्त परिणाम, हा हिशोब त्यामागे होता.

सुई आली की विषाणूचं गणित बदलतं. इंजेक्शन देताना शीर सापडली का हे बघायला रक्त मागे ओढतात. तेच रक्त सिरिंजमध्ये राहतं आणि पुढच्याच्या शिरेत जातं. मणिपूरमध्ये 1989-90 मध्ये हे घडलं तेव्हा अवघ्या काही महिन्यांत सुईने नशा करणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या आसपास लोक बाधित आढळले. लैंगिक संबंधातून साथ इतक्या वेगाने वाढत नाही.

महाराष्ट्रात साथ प्रामुख्याने लैंगिक संबंधांतून पसरली. त्यामुळे इथली यंत्रणा, पैसा आणि संशोधन वेश्यावस्ती, ट्रकचालक, स्थलांतरित मजूर यांच्याभोवती उभं राहिलं. ते योग्यच होतं. पण त्याचा एक परिणाम असा झाला की ‘सुईचा प्रश्न ईशान्येचा’ हे समीकरण रुजलं आणि मुंबई-ठाण्यातला सुई वापरणारा माणूस राज्याच्या आकड्यांत छोटी टक्केवारी होऊन राहिला. 2005-07 मध्ये झालेल्या मोठ्या वर्तन व जैविक पाहणीत (तिचं संक्षिप्त नाव ‘आयबीबीए’) महाराष्ट्रातून सुईने नशा करणारे निवडले गेले ते मुंबई आणि ठाणे मिळून. संशोधकांना कळलं होतं की इथे एकच समूह आहे. प्रशासनाच्या नकाशात मात्र तो एक नव्हता.

मुलुंड संपतं तिथे

1998 पासून मुंबईसाठी वेगळी एड्स नियंत्रण संस्था आहे, आणि उरलेल्या महाराष्ट्रासाठी राज्याची वेगळी. मुलुंड पहिलीकडे, ठाणे दुसरीकडे. गंमत अशी की दोन्ही संस्थांची कार्यालयं वडाळ्याला ॲक्वर्थ कुष्ठरोग रुग्णालयाच्या आवारात आहेत. (हे ॲक्वर्थ म्हणजे मुंबईचे पालिका आयुक्त. शंकर तुकाराम शाळिग्रामांबरोबर मराठी पोवाडे गोळा करून 1891 मध्ये छापणारे तेच.) एकोणिसाव्या शतकात रस्त्यावरच्या कुष्ठरोग्यांना हलवण्यासाठी उभ्या केलेल्या जागेत आज एड्सची फाइल फिरते, हा योगायोग माझ्या डोक्यातून जात नाही. त्या काळीही प्रश्न ‘यांना बरं कसं करू’ असा नव्हता, ‘यांना नजरेआड कसं करू’ असाच होता.

ठाण्याच्या बाजूला आलात की आणखी हद्दी लागतात. ठाणे महापालिका 1982 ची, कल्याण-डोंबिवली 1983 ची. ठाण्याचं सिव्हिल हॉस्पिटल राज्य सरकारचं, कळव्याचं शिवाजी रुग्णालय ठाणे पालिकेचं, कल्याणचं रुक्मिणीबाई आणि डोंबिवलीचं शास्त्रीनगर रुग्णालय कल्याण-डोंबिवली पालिकेचं, उल्हासनगरचं सेंट्रल हॉस्पिटल पुन्हा राज्याचं. 1901 सालचं ठाण्याचं मनोरुग्णालय आहे, पण व्यसनावरचा मानसोपचार आणि एचआयव्हीचा उपचार यांच्या रांगा वेगळ्या.

आणि माणूस? माणूस लोकलने फिरतो. बोरीबंदर ते ठाणे ही देशातली पहिली प्रवासी गाडी 1853 मध्ये धावली, पुढच्याच वर्षी रूळ कल्याणला पोहोचले, आणि तेव्हापासून या भागातलं आयुष्य रुळांच्या कडेने वाढलं. भंगार वेचणारा, हमाली करणारा, केटरिंगमध्ये भांडी घासणारा माणूस काम कल्याणला करतो, माल दुसऱ्या स्थानकावर घेतो आणि झोपतो तिसऱ्याच फलाटाबाहेर. प्रकल्पाच्या रजिस्टरमध्ये त्याला एकच हद्द असते.

1 एप्रिल 2004 ला देशातल्या आठ सरकारी रुग्णालयांत मोफत औषधं सुरू झाली, त्यात मुंबईचं जे. जे. होतं. कल्याणच्या रुग्णासाठी याचा अर्थ भायखळ्यापर्यंतची गाडी, तपासणीची रांग आणि बुडालेली दिवसाची मजुरी. शिवाय तेव्हा सीडी-4 पेशी 200 च्या खाली गेल्याशिवाय औषध सुरू होत नसे. म्हणजे ‘अजून पुरेसा आजारी नाहीस, नंतर ये’ असं सांगून परत पाठवायचं. ज्याला उद्याचा भरवसा नाही त्याला ‘सहा महिन्यांनी ये’ सांगितल्यावर तो येईल का? 2017 मध्ये ‘निदान झालं की लगेच औषध’ हे धोरण आलं तेव्हा ही एक पायरी कायमची निघाली. त्याआधीच्या तेरा वर्षांत या पायरीवरून किती जण परत फिरले, ते रजिस्टर सांगत नाही.

रुग्ण कोर्टात जातात तेव्हा

या इतिहासात सुईने नशा करणारे फक्त ‘लाभार्थी’ होते असं समजू नका. मुंबईतली ‘संकल्प रिहॅबिलिटेशन ट्रस्ट’ नशा करणाऱ्यांसोबत काम करते. सुईतून एचआयव्हीबरोबर कावीळ-सी ही पसरते, आणि तिच्यावरचं पेगिलेटेड इंटरफेरॉन हे औषध रोश कंपनीच्या पेटंटखाली होतं. नव्या कायद्यानंतर भारतात दिलेलं हे पहिलं उत्पादन-पेटंट, 2006 सालचं. ‘संकल्प’ने त्याला आव्हान दिलं. 2009 मध्ये पेटंट कार्यालयाने विरोध फेटाळला, ते अपिलात गेले आणि 2 नोव्हेंबर 2012 ला अपील मंडळाने पेटंट रद्द केलं. कंपनीचा युक्तिवाद होता की या संस्थेचा इथे संबंधच काय. मंडळाने मान्य केलं की रुग्णांसाठी काम करणारी संस्था ‘हितसंबंधी व्यक्ती’ ठरते. ज्यांना स्टेशनवर हुसकावलं जातं, त्यांच्या बाजूची संस्था पेटंटच्या लढाईत टिकली.

त्याआधी, जून 2011 मध्ये, ‘इंडियन हार्म रिडक्शन नेटवर्क’च्या याचिकेवर मुंबई उच्च न्यायालयाने एनडीपीएसमधली सक्तीची फाशी घटनाबाह्य ठरवली. आणि 2017 चा एचआयव्ही-एड्स कायदा 10 सप्टेंबर 2018 पासून लागू झाला. त्याच्या कलम 22 मध्ये उदाहरण देऊनच म्हटलंय की जुनी सुई घेऊन नवी देणारा कार्यकर्ता आणि ती घेणारा माणूस, दोघांवरही त्यासाठी कारवाई होऊ शकत नाही. 1985 च्या कायद्याने जे दार बंद केलं होतं ते 33 वर्षांनी कागदावर किलकिलं झालं. ‘कागदावर’ हा शब्द मुद्दाम वापरतोय. रात्री गस्तीवर असलेल्या हवालदाराला कलम 22 माहीत आहे का, हा स्वतंत्र संशोधनाचा विषय आहे. करा कुणीतरी!

रोजची गोळी आणि बंद लोकल

सुई सोडवण्याचा सगळ्यात भरवशाचा मार्ग म्हणजे ओपिऑइड प्रतिस्थापन उपचार, कार्यकर्त्यांच्या भाषेत ‘ओएसटी’. ब्युप्रेनॉर्फिनची गोळी जिभेखाली ठेवायची. तलफ जाते, सुई सुटते, माणूस कामावर जाऊ शकतो. 2005 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ब्युप्रेनॉर्फिन आणि मेथाडोन अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतली. 2007 नंतर नॅकोने ओएसटीला आपल्या कार्यक्रमात जागा दिली. ज्याची तलफ आटोक्यात आहे तो एचआयव्हीची गोळीही नियमित घेतो, हे अनेक देशांत दिसलं आहे. ‘नशेडी औषध नीट घेणारच नाही’ या समजुतीला म्हणूनच आधार नाही.

अडचण एकच: गोळी कर्मचाऱ्यासमोर, रोज घ्यायची. 22 मार्च 2020 च्या मध्यरात्री लोकल थांबली. जूनमध्ये ती अत्यावश्यक सेवेसाठी सुरू झाली आणि सर्वसामान्यांसाठी 1 फेब्रुवारी 2021 ला. ज्याचं केंद्र चार स्थानकं दूर, त्याने रोज जायचं कसं? त्या काळात नॅकोने काही दिवसांच्या गोळ्या घरी न्यायला आणि एचआयव्हीची औषधं अनेक महिन्यांची एकदम द्यायला परवानगी दिली. वर्षानुवर्षं जे ‘शक्य नाही’ म्हणून सांगितलं जात होतं ते काही आठवड्यांत शक्य झालं. संशोधनाच्या भाषेत हा नैसर्गिक प्रयोग आहे: नियम बदलला, माणसं तीच राहिली. ठाणे-कल्याणसारख्या लोकलवर जगणाऱ्या भागात त्याचा अभ्यास नाही करायचा तर कुठे करायचा?

छेदात कोण आहे?

आता तुमच्या कामाची गोष्ट. व्याप्ती म्हणजे अंश भागिले छेद. नॅको वर्षानुवर्षं देशात सुईने नशा करणारे 1.77 लाख धरून नियोजन करत होती. 2019 मध्ये ‘एम्स’ने सामाजिक न्याय खात्यासाठी केलेल्या राष्ट्रीय पाहणीत हा अंदाज सुमारे 8.5 लाख निघाला, आणि मोठ्या संख्येच्या राज्यांत महाराष्ट्राचं नाव होतं. पद्धती आणि व्याख्या वेगळ्या, त्यामुळे दोन आकडे थेट ताडून बघता येत नाहीत. पण पहिला छेद घेतला तर कार्यक्रम बहुतेकांपर्यंत पोहोचलेला वाटतो आणि दुसरा घेतला तर बहुतेक जण बाहेर दिसतात. तुमच्या प्रस्तावातलं पहिलं वाक्य कोणत्या छेदावर उभं आहे, हे तपासल्याशिवाय पुढे जाऊ नका.

दुसरा शब्द तपासा: ‘एलएफयू’, म्हणजे पाठपुराव्यातून निसटलेला रुग्ण. समजा कल्याणच्या एका रुग्णाला पकडलं आणि तो आधारवाडी किंवा ठाणे कारागृहात गेला. तो औषधाला आला नाही, रजिस्टरमध्ये एलएफयू लागला. दुसरा गावी जाऊन वारला, तोही एलएफयू. तिसरा मुलुंडच्या पलीकडे दुसऱ्या संस्थेच्या प्रकल्पात नव्याने नोंदला गेला, तोही इथे एलएफयू आणि तिथे ‘नवीन रुग्ण’. तीन वेगळी आयुष्यं, एक शिक्का. तुम्ही तो शिक्का तसाच सॉफ्टवेअरमध्ये भरलात तर निष्कर्ष निघेल, ‘हे रुग्ण उपचार सोडतात’. मग पुढचा अधिकारी त्याच निष्कर्षावर ‘यांच्यावर पैसा वाया जातो’ म्हणेल. आपल्या एका रकान्यातून कुणाचं तरी औषध जाऊ शकतं.

तिसरी गोष्ट स्त्रियांची. सुईने नशा करणारे म्हटलं की आपण पुरुषच धरतो. त्यांच्या बायकांना विषाणू लागतो, पण त्या ना ‘सुईवाल्या’ गटात बसतात ना लैंगिक व्यवसायाच्या. त्यांची तपासणी बहुतेक वेळा गरोदरपणात होते. आणि ज्या स्त्रिया स्वतः सुई घेतात त्या पुरुषांनी भरलेल्या केंद्रात अंघोळीला आणि जखमेच्या ड्रेसिंगला येणार कशा?

चौथी गोष्ट नीतीची. तुम्ही मुलाखत घेता तेव्हा समोरचा माणूस एनडीपीएसखालचा गुन्हा आणि स्वतःचा आजार अशा दोन्ही गोष्टी सांगत असतो. एचआयव्ही कायदा त्याच्या आजाराची माहिती गुप्त ठेवायला सांगतो. वहीत नाव, फलाटाचा क्रमांक, अड्ड्याची खूण लिहू नका. नीती समितीला दाखवायला म्हणून नव्हे. वही हरवली तर तुमचा फक्त अध्याय जाईल, त्याची मोकळीक जाईल.

मग पोहोच कशाने वाढते?

2009 मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि संयुक्त राष्ट्रांच्या दोन संस्थांनी नऊ उपायांचा संच सांगितला: सुया, ओएसटी, तपासणी, औषधं, गुप्तरोग, कंडोम, माहिती, कावीळ, क्षय. या नऊंपैकी बहुतेक सगळं आज सरकारी यंत्रणेत कुठे ना कुठे आहे. कावीळ-सीची औषधंही 2018 पासून राष्ट्रीय कार्यक्रमात मोफत आहेत. इतिहासाने त्यांची पाळंमुळं वेगवेगळ्या खात्यांत रुजवली, म्हणून ती एका ठिकाणी मिळत नाहीत.

ती एका छपराखाली आणली तर? भारतातल्या बावीस शहरांत याचा प्रयोग झाला. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत एकत्रित केंद्रांच्या शहरांत तपासणीचं प्रमाण जास्त दिसलं, पण फरक सांख्यिकीदृष्ट्या ठाम ठरला नाही. जे लोक प्रत्यक्ष केंद्रात आले त्यांची तपासणी वाढली, पण पुरेसे लोक आलेच नाहीत. म्हणजे छप्पर चांगलं, पण तिथपर्यंत जायचं कसं हा प्रश्न उरतोच. ठाण्यापलीकडच्या वाचकाला या निकालात नवल वाटू नये.

म्हणून पुढच्या वेळी कुणी तुम्हाला ‘बॅरिअर्स टू केअर’वर प्रश्नावली करायला सांगितलं, तर रुग्णाला प्रश्न विचारण्याआधी चार प्रश्न व्यवस्थेला विचारा. या दाराची चावी कोणत्या खात्याकडे आहे? ते कोणत्या साली आणि कुणासाठी बांधलं? आत यायला काय सोडून यावं लागतं, नशा, मजुरी की नाव? आणि इथून बाहेर पडलेला माणूस पुढच्या दारापर्यंत कोणत्या गाडीने जातो? उत्तरं मिळवायला जुने शासन निर्णय, वार्षिक अहवाल, न्यायालयाचे निकाल आणि लोकलचं वेळापत्रक पुरतं. आणि हो, प्रबंधात त्या माणसाला काय म्हणायचं ते आजच ठरवा. मी ‘सुईने नशा करणारी व्यक्ती’ लिहितो. लांबलचक आहे, मार्गदर्शक वैतागतात, पण त्यात ‘व्यक्ती’ हा शब्द शेवटी तरी येतो.